मॉरोविंडचे मॉड: बसवणी, क्रम आणि बिघाड

‘द एल्डर स्क्रोल्स ३: मॉरोविंड’ हा बेथेस्डा कंपनीचा रोल-प्लेइंग खेळ मे २००२ मध्ये संगणकावर आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘ट्रायब्यूनल’ आणि जून २००३ मध्ये ‘ब्लडमून’ हे विस्तार निघाले. पुढे तिन्ही मिळून ‘गेम ऑफ द इयर’ नावाची एकच आवृत्ती विकली जाऊ लागली, आणि आजचे बहुतेक मॉड, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेले बदल, तीच आवृत्ती गृहीत धरून बनवलेले असतात. खेळाच्या संगणक आवृत्तीबरोबर कंपनीने ‘कन्स्ट्रक्शन सेट’ हे संपादक साधनही दिले होते. डोंगर उभारणे, घर बांधणे, पात्राला संवाद देणे, तलवारीची धार कमी-जास्त करणे ही सगळी कामे त्यातून होत. चाहत्यांच्या हाती हे साधन आल्यामुळे खेळाचे आयुष्य वीस वर्षांहून जास्त लांबले. मूळ खेळात मॉरोविंड प्रांताचे फक्त मधले बेट आहे; उरलेली मुख्य भूमी रचण्याचे काम ‘टॅमरिएल रीबिल्ट’ हा हौशी मंडळींचा प्रकल्प करतो. त्याची जुळवाजुळव खेळ बाजारात येण्याआधीच सुरू झाली होती आणि काम अजून चालू आहे.

मॉडचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात फक्त चित्रे, आकृत्या आणि आवाज बदललेले असतात. या फाइली ‘डेटा फाइल्स’ फोल्डरमधल्या टेक्स्चर, मेश, साउंड अशा उपफोल्डरांत जाऊन बसतात. दुसऱ्या प्रकारात प्लगइन, म्हणजे खेळाच्या नोंदी बदलणारी फाइल, असते. खेळाची पायाभूत माहिती ईएसएम प्रकारच्या मास्टर फाइलींत असते आणि मॉडची माहिती सहसा ईएसपी प्रकारच्या फाइलीत. खेळ सुरू होताना आधी मास्टर वाचले जातात, मग प्लगइन एकामागून एक. एकाच वस्तूची नोंद दोन ठिकाणी सापडली, तर जी शेवटी वाचली ती खरी. मॉडच्या जगातल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या एका नियमात आहे, म्हणून तो जरा जवळून पाहायला हवा.

समजा, एका मॉडने लोखंडी खंजिराचे वजन कमी केले आणि दुसऱ्याने त्याच खंजिराचा मारा वाढवला. दोन्ही बसवल्यावर खंजीर हलका आणि जहाल होईल, अशी कोणाचीही समजूत होईल. तसे होत नाही. प्लगइन फक्त बदललेला आकडा साठवत नाही. खंजिराची अख्खी नोंद साठवते, म्हणजे नाव, किंमत, वजन, मारा, चित्र, सगळेच. दुसरे प्लगइन शेवटी वाचले गेले तर मारा वाढतो, पण त्याच्या नोंदीत वजन मूळचेच असल्याने पहिल्या मॉडचे काम गुपचूप पुसले जाते. कुठे चूक दाखवली जात नाही, खेळ बंद पडत नाही. खेळणारा मात्र ‘मॉड चालत नाही’ म्हणून तो काढून पुन्हा बसवत राहतो. खंजिराच्या जागी व्यापाऱ्याच्या मालाची यादी किंवा गुहेतल्या प्राण्यांची यादी धरली, की हाच प्रकार खेळभर कसा पसरतो ते कळते.

वाचनाचा क्रम कसा ठरतो, हे मॉरोविंडचे खास वैशिष्ट्य आहे, आणि डोकेदुखीही. मूळ इंजिन फाइलीच्या नावाकडे किंवा यादीतल्या जागेकडे पाहत नाही. फाइल शेवटची बदलली त्या तारखेवर क्रम लावते. झिप उघडताना ही तारीख बहुधा मॉड बनला तेव्हाचीच राहते. त्यामुळे २००३ सालचा मॉड आज बसवला तरी २०२० सालच्या मॉडच्या आधी वाचला जातो. तारखा हाताने बदलत बसणे शहाणपणाचे नाही. ‘राय मॅश’ किंवा ‘मॉड ऑर्गनायझर २’ या मॉड सांभाळणाऱ्या साधनांत फाइली वर-खाली सरकवल्या की तारखा आपोआप बदलतात. ‘एमलॉक्स’ हे साधन जाणकारांनी जमवलेल्या नियमांची यादी वाचून योग्य क्रम सुचवते. क्रम कसाही लावला तरी एका नोंदीसाठी जिंकणारा एकच. म्हणून शेवटी नोंदी एकत्र करणारे साधन चालवावे लागते. ‘टीईएस३मर्ज’ आणि ‘टीईएस३सीएमडी’मधला मल्टिपॅच ही त्यातली नेहमीची. वरच्या खंजिराचे हलके वजन आणि वाढीव मारा एकत्र आणायचे ते टीईएस३मर्जसारख्या साधनाने. मॉडची यादी बदलली की ही एकत्रित फाइल पुन्हा बनवायची असते. ते विसरले, तर जुनी एकत्रित फाइल शेवटी बसून नव्या मॉडवर कुरघोडी करते.

खेळ जुना असण्याचा फायदा यंत्राच्या बाबतीत दिसतो. २००२ साली या खेळाला ५०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि विंडोज एक्सपीवर २५६ एमबी मेमरी पुरत असे. कागलसारख्या तालुक्याच्या गावी घरात जो असेंबल्ड संगणक असतो, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला, कधीकाळी अकाउंटच्या कामासाठी घेतलेला, त्यावरही मूळ खेळ सहज चालतो. एमएस-सीआयटीच्या वर्गात झालेली फाइल-फोल्डरची ओळख बसवणीला पुरते. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. अडते ते डाउनलोडपाशी. बहुतेक मॉड ‘नेक्सस मॉड्स’ या साठ्यावर असतात आणि तिथे फुकट सभासदाला वेगाची मर्यादा असते. टॅमरिएल रीबिल्टला लागणारा सामाईक डेटा आणि मोठे टेक्स्चर संच मिळून काही जीबींचा मामला होतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तो दोन-तीन दिवसांत विभागावा लागतो. गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या खेळाचा इन्स्टॉलर पूर्ण उतरवून ठेवता येतो आणि त्याला चालायला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे कोल्हापुरातल्या एखाद्या फायबर जोडणीवर सगळे उतरवून पेन ड्राइव्हने कागलला आणणे हा मार्ग मोकळा राहतो. डाउनलोड अर्धवट झाले आहे का, हे सेव्हन-झिपच्या ‘टेस्ट’ बटणाने आधी तपासावे. पावसाळ्यात मधेच लाइट गेल्यावर ही सवय फार उपयोगी पडते.

खेळ कुठे बसवायचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. तसा तो नाही. इन्स्टॉलर बऱ्याचदा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हे ठिकाण सुचवतो. विंडोज व्हिस्टापासून या फोल्डरवर पहारा आहे. जुन्या प्रोग्रॅमने तिथे काही लिहायचा प्रयत्न केला, तर विंडोज ती फाइल परस्पर वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात टाकते. मग सेटिंग एका प्रतीत बदलले जाते आणि खेळ वाचतो दुसरी. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘गेम्स’सारखा साधा फोल्डर करून त्यात खेळ ठेवला, की ही कटकट मुळातच टळते.

मराठी वापरकर्त्याला आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. मॉरोविंड आणि त्याची कित्येक साधने युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने फाइलींचे पत्ते वाचतात. त्यांना देवनागरी कळत नाही आणि न कळलेल्या प्रत्येक खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह येते. फोल्डरचे नाव ‘कागल’ असेल तर त्यांना चार प्रश्नचिन्हे दिसतात: क, काना, ग आणि ल यांची एकेक. असा फोल्डर त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो. खेळाच्या फोल्डरला इंग्रजी नाव देणे सोपे आहे, पण विंडोज बसवताना वापरकर्त्याचे नाव मराठीत टाकलेले असेल तर ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘टेम्प’ यांचे पत्तेही देवनागरी होतात. यानंतर नुसते नाव बदलून फोल्डर बदलत नाही. इंग्रजी नावाचे दुसरे खाते उघडणे हाच कमी त्रासाचा उपाय.

बसवणीचा क्रम आता बऱ्यापैकी ठरून गेला आहे. आधी कोणताही मॉड नसताना नवा खेळ सुरू करून सुरुवातीच्या बोटीतून उतरेपर्यंत खेळून पाहायचे. मूळ खेळच अडखळत असेल तर मॉडवर आळ घेण्यात अर्थ नाही. मग ‘मॉरोविंड कोड पॅच’. तो खेळाच्या मुख्य एक्झी फाइलीतच दुरुस्त्या करतो आणि मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवतो. कॉपी संरक्षण तोडलेल्या पायरेटेड प्रतीची एक्झी या पॅचला बहुधा ओळखू येत नाही. अशा प्रतीचा बिघाड शोधत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या प्रतीवर ‘फाइली तपासा’ हा पर्याय वापरला तर स्टीम मूळ एक्झी पुन्हा आणून ठेवते आणि पॅच उडतो, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतर ‘एमजीई एक्सई’ हा दूरचा मुलूख दाखवणारा ग्राफिक्स विस्तारक आणि त्याच्याबरोबर येणारा ‘एमडब्ल्यूएसई’ हा स्क्रिप्ट विस्तारक. एमजीई एक्सईला डायरेक्टएक्सचा जून २०१० चा संच लागतो; ‘डी३डीएक्स९_४३’ ही डीएलएल सापडत नाही असा संदेश आला, तर तो संच बसवलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. ती एकटी डीएलएल भलत्याच ठिकाणाहून उतरवून आणणे धोक्याचे. मग ‘पॅच फॉर प्युरिस्ट्स’ हा चुका दुरुस्त करणारा संच, पुढे चित्रांचे मॉड, नंतर मोठे भूप्रदेश, नंतर कथा आणि पात्रे, आणि शेवटी नोंदींची एकत्रित फाइल. नवा भूप्रदेश आला की एमजीई एक्सईमध्ये दूरचा देखावा पुन्हा बनवावा लागतो. ते राहिले तर लांबून डोंगर दिसतो आणि जवळ गेल्यावर तिथे गाव निघते.

झिप उलगडण्याचे काम सर्वांत सोपे, आणि चुकाही तिथेच सर्वांत जास्त. मॉडच्या झिपमध्ये पुष्कळदा मॉडच्या नावाचा एक वेष्टणाचा फोल्डर असतो आणि त्याच्या आत टेक्स्चर व मेश. ती जशीच्या तशी ‘डेटा फाइल्स’मध्ये उलगडली, तर चित्रे एक पायरी खोल जाऊन बसतात आणि खेळाला ती दिसत नाहीत. कधी झिपमध्ये ‘००’, ‘०१’, ‘०२’ अशा आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर असतात. त्यातला पहिला गाभा, बाकीचे ऐच्छिक. सगळे एकदम ओतले, तर एकमेकांना पर्याय म्हणून दिलेले भाग एकमेकांवर चढतात. काही मॉडसोबत बीएसए हा गठ्ठा येतो. त्याचे नाव ‘मॉरोविंड.आयएनआय’ फाइलीच्या आर्काइव्ह विभागात पुढचा क्रमांक देऊन लिहावे लागते. टॅमरिएल रीबिल्टच्या सामाईक डेटाबाबत नवख्यांची पहिली ठेच इथेच लागते. मॉडबरोबर आलेली रीडमी फाइल वाचण्याचा कंटाळा हे या साऱ्याचे खरे कारण. ती बहुधा दोन-तीन परिच्छेदांचीच असते.

बिघाड शोधताना आधी लक्षण नीट पाहावे. सुरुवातीलाच ‘प्लगइनला हवी ती मास्टरची आवृत्ती सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, तेव्हा नवखा माणूस घाबरतो. प्लगइन बनवताना मास्टर फाइलीचा आकार नोंदवलेला असतो आणि आताचा आकार त्याच्याशी जुळत नाही, एवढेच त्यातून कळते. मास्टर खरोखर गहाळ नसेल तर खेळ चालतो, आणि टीईएस३सीएमडीच्या हेडर जुळवणीने संदेशही जातो. जमिनीवर किंवा पात्राच्या जागी उद्गारचिन्हाचा पिवळा फलक दिसला, तर मेश फाइल सापडलेली नाही: झिप चुकीच्या पायरीवर उलगडली आहे किंवा बीएसए नोंदवलेला नाही. आकृती आहे पण तिच्यावरचे चित्र नाही, तर टेक्स्चर हरवले आहे. कोणत्या फाइली सापडल्या नाहीत त्यांची नावे खेळाच्या फोल्डरमधल्या ‘वॉर्निंग्ज’ या मजकूर फाइलीत लिहिलेली असतात, तरीही ती उघडून पाहणारे थोडेच. नवे टेक्स्चर योग्य जागी असूनही जुनेच दिसत असेल, तर तारखेचा खेळ आहे: बीएसए गठ्ठ्याची तारीख सुट्या फाइलीहून नवी असली की गठ्ठ्यातले चित्र वापरले जाऊ शकते. राय मॅशमध्ये गठ्ठ्यांच्या तारखा मागे नेण्याची सोय त्यासाठीच आहे.

खेळ काहीही न सांगता डेस्कटॉपवर परत येतो, तो प्रकार सर्वांत चिवट. मेमरीचे कारण आधी तपासावे. मूळ एक्झी ३२ बिटची आहे आणि तिच्या वाट्याला २ जीबीच येतात. जड टेक्स्चर संच घातला की ते भरतात. एक्झीला ४ जीबीपर्यंत हात पोचवण्याची मुभा देणारा पॅच मिळतो. पण ४ जीबी रॅमच्या घरगुती यंत्रावर त्याचा लाभ बेताचाच, तिथे हलके टेक्स्चर निवडणे बरे. क्रॅश ठरावीक जागी किंवा ठरावीक दारातून जाताना होत असेल, तर दोष त्या जागेला हात लावणाऱ्या प्लगइनमध्ये असतो. एमडब्ल्यूएसई आणि एमजीई एक्सई आपापल्या लॉग फाइली लिहितात. शेवटच्या चार ओळींत बऱ्याचदा आरोपीचे नाव सापडते. तेही नसेल तर निम्मे-निम्मे करण्याची रीत. ६० मॉड असतील तर ३० बंद करून पाहायचे. बिघाड गेला तर दोष बंद केलेल्यांत, राहिला तर चालू असलेल्यांत. अशा सहा फेऱ्यांत एकच उरतो. एकेक करून काढत बसले तर साठाव्या खेपेपर्यंत जावे लागू शकते. मात्र ज्या मास्टरवर इतर प्लगइन अवलंबून आहेत ते या फेऱ्यांत बंद करायचे नाहीत, आणि चाचणी नव्या खेळावर करायची. जुन्या सेव्हमध्ये काढलेल्या मॉडच्या वस्तू आणि स्क्रिप्ट यांचे अवशेष राहतात, ते चाचणी फसवतात. याच कारणाने निम्मा खेळ झाल्यावर कथानकाचा मॉड काढणे किंवा बदलणे टाळायचे असते.

काही दोष दिसायला अजिबात सरळ नसतात. कन्स्ट्रक्शन सेटमधल्या एका चुकीमुळे, विस्तारांचे मास्टर न जोडता जतन केलेल्या प्लगइनमध्ये खेळाच्या ७२ सेटिंग नोंदी न मागता घुसत. त्यातल्या ११ ट्रायब्यूनलच्या आणि ६१ ब्लडमूनच्या. एका घराचा छोटासा मॉड अशा रीतीने सबंध खेळाची सेटिंग मूळपदावर नेऊन ठेवतो आणि संशय मात्र त्याच्यावर कधीच जात नाही. या नोंदी आणि निर्मात्याचा नकळत धक्का लागून सरकलेल्या वस्तू टीईएस३सीएमडीच्या ‘क्लीन’ आज्ञेने साफ होतात. सफाईही डोळे मिटून करायची नसते: काही मॉडमध्ये वरकरणी अनावश्यक वाटणारी नोंद मुद्दाम ठेवलेली असते.

या सगळ्या साधनांइतकेच काम एक साधी वही करते. मॉडचे नाव, आवृत्ती, बसवल्याची तारीख, कोणता ऐच्छिक भाग घेतला आणि कोणत्या फाइलीवर दुसरी चढवली, एवढे लिहून ठेवले की परत फिरण्याची वाट राहते. मूळ फोल्डरमध्ये हाताने ओतलेल्या फाइली कोणाच्या कोणत्या, हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही. मॉड ऑर्गनायझर हा गुंता वेगळ्या पद्धतीने सोडवतो: प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरात ठेवतो आणि खेळापुढे ते सारे एकत्र असल्याचा भास उभा करतो. टिक काढली की मॉड गेला, मूळ फोल्डर जसाच्या तसा.

तीच कल्पना ‘ओपनएमडब्ल्यू’ने मुळापासून राबवली आहे. २००८ पासून लिहिले जात असलेले हे मुक्त स्रोत इंजिन मूळ खेळाच्या डेटा फाइली वापरते, म्हणजे खेळ विकत घ्यावाच लागतो. पण मूळ एक्झीची गरज उरत नाही. क्रम तारखेवर ठरत नाही. साध्या मजकूर फाइलीतल्या ओळींवर ठरतो. जी ओळ खाली ती जिंकते. लिनक्सवर ते थेट चालते, अँड्रॉइडवरही त्याचे रूप मिळते. संगणक नसलेल्या पण बरा फोन असलेल्या घरात हीच वाट उरते. अडचण एकच, पण मोठी: एमडब्ल्यूएसईवर उभे असलेले मॉड यात चालत नाहीत. २०२३ च्या ०.४८ आवृत्तीपासून त्याने स्वतःची लुआ स्क्रिप्ट आणली, त्यामुळे मॉडकर्त्यांच्या दोन शाखा झाल्या आहेत. जुने यंत्र, कमी मॉड आणि स्थिरता हवी असेल तर ओपनएमडब्ल्यू. खेळाच्या नियमांतच बदल करणारे नवे मॉड हवे असतील तर मूळ इंजिन.

इतर जुन्या खेळांत तपशील बदलतात. ‘बाल्डर्स गेट २’चे मॉड वाइडू या साधनाने बसतात. ते प्रत्येक भागाची लॉगमध्ये नोंद करते, आणि मधला मॉड काढायचा झाला तर त्याच्या नंतरचे सगळे उलट क्रमाने उतरवून पुन्हा चढवते. काम सावकाश होते, पण हिशेब चोख. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’मध्ये ‘ओव्हरराइड’ फोल्डरात नंतर टाकलेली त्याच नावाची फाइल आधीची पुसते आणि परतीचा मार्ग ठेवत नाही. त्यापुढे मॉरोविंड सोयीचाच म्हणायला हवा.

मॉरोविंड मराठीत आणता येईल का, हा प्रश्नही याच चौकटीतला आहे. इंग्रजी, पोलिश आणि रशियन आवृत्त्यांसाठी खेळ विंडोजच्या १२५२, १२५० आणि १२५१ या आठ बिटी संकेतसंचांवर चालतो. देवनागरीसाठी जुन्या प्रोग्रॅमांना लावता येईल असा संच विंडोजमध्ये नाही. पण खेळाचा फॉन्ट म्हणजे २५६ खुणांचा चित्रतक्ता आहे, आणि त्यातला वरचा निम्मा भाग इंग्रजी खेळात जवळपास वापरात नसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने युनिकोडआधी मराठी छपाई चालवली ती अशाच आठ बिटी जागांमध्ये अर्धी अक्षरे, काने आणि वेलांट्या बसवून. मराठी टाइपरायटरने तर त्याहून कमी खुणांत भागवले. वरच्या १२८ जागांत काटकसरीची देवनागरी बसू शकते, खालची इंग्रजी शाबूत ठेवून. मात्रा आणि रफार मागच्या अक्षरावर नेमके पडतील असे मोजमाप देणे हे त्यातले किचकट काम. खरी गाठ संवादांशी पडते. पात्राच्या बोलण्यातला विषयाचा शब्द खेळ अक्षरशः जुळवून निळा करतो आणि त्याचा दुवा बनवतो. मराठीत ‘घर’चे ‘घरात’, ‘घराला’, ‘घराचा’ होते आणि जुळणी ढासळते. रूपे बदलणाऱ्या इतर भाषांच्या आवृत्त्यांनी विषयाच्या शब्दाभोवती खुणा घालून आणि वेगळ्या शब्दसूचीच्या फाइली जोडून ही अडचण सोडवली आहे. खेळातल्या शेकडो पुस्तकांना असले दुवे नसतात. प्रत्येक पुस्तक ही एक सुटी नोंद असते, ती बदलल्याने कथानकातले काही बिघडत नाही आणि एकेका पुस्तकाचे छोटे प्लगइन करून तपासता येते. त्यामुळे मराठीकरणाचा आरंभ तिथून करणे सोपे जाईल आणि संवाद त्यानंतर हाती घेता येतील.